त्रास न देणारे भाडेकरू

आमच्या इथल्या मराठी मंडळात एक गृहस्थ आहेत. चार घरं भाड्याने दिलेली आहेत आणि पाचव्याच्या शोधात आहेत. मी मनातल्या मनात त्यांना पॅसिव्ह महाशय म्हणते, कारण 'पॅसिव्ह इन्कम', म्हणजे बसल्या जागी येणारी मिळकत, हे शब्द उच्चारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. कुठल्याही पॉटलकला, म्हणजे घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला जा, हे कागदी ताट घेऊन मध्यभागी उभे आणि भोवती आमचे इंजिनीयर नवरे. ऑफिसात बॉसच्या प्रेझेंटेशनमध्ये शंभर खुसपटं काढणारी ही माणसं तिथे माना डोलवत ऐकत असतात. महाशयांचं ब्रह्मवाक्य ठरलेलं आहे. "चांगला टेनंट कोण? ज्याचा फोन येत नाही तो."

या वाक्यापायी आमच्या टाउनहाउसच्या बेसमेंटमध्ये एका बाईचा जीव जायची वेळ आली होती, आणि त्याच वेळी माझा नवरा जगभर सांगत फिरत होता की आम्हाला फार चांगले भाडेकरू मिळालेत. मी रहस्यकथा सांगायला बसलेली नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

ते टाउनहाउस म्हणजे मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावातलं आमचं पहिलं घर. मुलं मोठी झाली, सामान त्याहून मोठं झालं, तेव्हा आम्ही गावातच दुसरं घर घेतलं. जुनं विकून मोकळं व्हावं असं माझं म्हणणं होतं. पण महाशय म्हणाले, "विकतोस कसलं, वेडा आहेस का?" झालं. ज्याला स्वतःच्या घरातला बल्ब कुठल्या मापाचा आहे हे माहीत नाही, तो माणूस एका रात्रीत घरमालक झाला. एक्सेल शीट मात्र झकास केली होती, रंगबिरंगी.

पहिली भाडेकरू एक अमेरिकन बाई होती. शाळेच्या लायब्ररीत नोकरी, सोबत एक म्हातारी मांजर. बाई अतिशय व्यवस्थित. दर थोड्या दिवसांनी तिची ईमेल यायची. किचनचा नळ थेंबथेंब गळतोय. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायला झालाय. मागच्या दाराच्या फटीतून वारा येतोय. ईमेलमध्ये राग नाही, आदळआपट नाही, शेवटी 'थँक यू'. नवऱ्याच्या मात्र कपाळाला आठ्या. "ही बाई डोकं खाते यार माझं," तो म्हणायचा.

माझी सगळी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेली. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात. ज्या सिस्टीमकडून एकही एरर येत नाही, ती उत्तम चालली आहे असं समजायचं नसतं. ती चालू आहे की मेली आहे, हे आधी बघायचं असतं. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "घर म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे." सॉफ्टवेअर नव्हेच. सॉफ्टवेअर बंद पडलं तर कोणी गुदमरत नाही.

बाईचं लीझ, म्हणजे भाडेकरार, संपलं ते त्याने पुढे वाढवलंच नाही. हाही महाशयांचाच सल्ला. "आपली माणसं बघ. स्वच्छ राहतात, पाया पडतात, कटकट नाही." या देशात घर भाड्याने देताना कोण कुठल्या देशाचं, कुठल्या धर्माचं हे बघून निवड करणं बेकायदेशीर आहे, हे मी तिथल्या तिथे बोलले. महाशय हसले. म्हणाले, "वहिनी, कायदा जाहिरातीत पाळायचा असतो." आणि भोवतालची डोकी हलली. त्यातल्या निम्म्या लोकांना इथे आल्यावर आडनाव ऐकून घर नाकारलं गेलं होतं, आणि ते किस्से प्रत्येक दिवाळीला आम्ही डोळ्यांत पाणी आणून ऐकलेले आहेत.

मग आली आपली माणसं. नागपूरचं तरुण जोडपं, दोघंही आयटीत, त्याचा व्हिसा कंपनीवर अवलंबून. घर बघायला येताना संत्रा बर्फी घेऊन आले. दारातच खाली वाकले, नवऱ्याच्या पाया पडले, माझ्या पडले. घरमालकाच्या पाया पडणारा भाडेकरू बघून आमचे साहेब विरघळले. लीझ समोर ठेवलं तर पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही आहात ना. वाचायचं काय त्यात?" आणि सह्या करून मोकळा. मी म्हटलं, "अरे वाच बाबा, त्यात तुझ्या फायद्याचंही आहे." त्याने लाजून मान हलवली आणि बर्फीचा बॉक्स पुढे केला.

काका म्हटलं की काम झालं, हे मला त्याच दिवशी कळलं. लँडलॉर्डला माणूस तक्रार करतो, काकांना कोण करणार? काकांना कोणी म्हणतं का की काका, तुमच्या घरात गरम पाणी येत नाही? काकांची तब्येत विचारायची असते. काकांकडे गणपतीला मोदक घेऊन जायचं असतं. भीड नावाची जी चीज आपण सामानातून इथवर आणली आहे, ती कस्टमवाल्यांनी विमानतळावर काढून घ्यायला हवी होती. लोणच्याच्या बाटल्या घेतात, ही सोडून देतात.

आणि काका तरी काय कमी? वाटेल तेव्हा तिकडे टपकायचे. इथे भाडेकरूच्या घरात जायचं तर किमान एक दिवस आधी कळवावं लागतं, हे मी किती वेळा सांगितलं. "स्वतःच्या घरात जायला परवानगी कसली?" हे त्याचं उत्तर. बरं, जाऊन बघायचं तरी काहीतरी. तेही नाही. सोफ्यावर बसायचं, आल्याचा चहा प्यायचा, पोहे खायचे, कंपनीत ले-ऑफ आहेत का विचारायचं आणि परत यायचं. वर मला सांगायचं की मी प्रॉपर्टी मॅनेज करून आलो.

मिनेसोटात थंडी लागायच्या आधी फर्नेस तपासून घेतात. वर्षातून एकदा माणूस येतो, धूर बाहेर नेणारा पाइप बघतो, अलार्म वाजवून बघतो आणि जातो. लायब्ररीवाली बाई असताना दरवर्षी हे व्हायचं, कारण ती आठवण करून द्यायची. त्या वर्षी आठवण करणारं कोणी नव्हतं. मी म्हटलं तेव्हा नवऱ्याने माझ्यासमोर फोन लावला. "काय रे, हीटिंग ठीक आहे ना?" तिकडून आवाज आला, "एकदम मस्त, काका." फोन ठेवून तो मला म्हणाला, "झालं इन्स्पेक्शन." मी त्याला काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

दिवाळीनंतर त्या पोराची आई नागपूरहून आली. बाईला बर्फ बघायची हौस. सगळे थंडी टाळून येतात, ही मुद्दाम थंडीत आली. वर दोन बेडरूम, त्यातली एक त्याचं ऑफिस, म्हणून तिला बेसमेंटमध्ये पलंग टाकून दिला. तिथे ऊब छान असते, असं पोराने आम्हाला कौतुकाने सांगितलं. असणारच. फर्नेस भिंतीच्या पलीकडे होती.

संक्रांत झाली आणि सुनेने हळदीकुंकू केलं. मलाही बोलावणं आलं. माझ्याच घरात मी पाहुणी. इथलं हळदीकुंकू म्हणजे बघण्यासारखा प्रकार असतो. दारात बर्फाच्या बुटांचा ढीग, कोटांच्या आतून पैठण्या निघतायत, सगळ्यांची नाकं लाल आणि खिडक्या घट्ट बंद. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, जे आपण पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला तरी देणार असतो. पोरीने तिळगूळ, मटार उसळ, सगळं मनापासून केलं होतं. सासूबाई मात्र दिसेनात.

"आई खाली पडून आहेत," सून म्हणाली. "डोकं दुखतंय त्यांचं. गेले काही दिवस रोजचंच झालंय, काकू. इथली हवा मानवत नाही त्यांना."

मी चमचे शोधायला किचनचा ड्रॉवर उघडला. लाटण्याच्या शेजारी छतावरचा अलार्म पडला होता. धुराचा आणि विषारी गॅसचा, असा दोन्ही कामांचा एकच अलार्म आम्ही बेसमेंटच्या जिन्याशी लावला होता, तोच. बॅटरी काढून बाजूला ठेवलेली.

"हा इथे कसा?" मी विचारलं.

पोरगी ओशाळली. "अहो काकू, मिरचीची फोडणी दिली की बोंबलायचा. आम्ही त्यावर शॉवर कॅप घालायचो. पण हल्ली तर काही शिजत नसतानाही वाजायला लागला. रोज. म्हटलं बिघडला, म्हणून ह्यांनी काढून ठेवला."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"काकांना कशाला उगीच त्रास."

मी जिना उतरून खाली गेले. बाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, कपाळाला सुंठेचा लेप. चेहरा उतरलेला. मी हाक मारली तर डोळे उघडायलाही त्यांना जरा वेळ लागला.

"ताई, कधीपासून दुखतंय डोकं?"

"काय सांगू बाप्पा," त्या म्हणाल्या. "घरात असली की दुखून राहिलं. मळमळते. पण मंदिरात गेली ना, की उतरते. देवाच्या दारात अर्ध्या तासात बरं वाटते. घरी आली की पुन्हा सुरू."

देवाची कृपा असेल, मी नाही म्हणत नाही. पण देवळात मोकळी हवा होती. मी त्यांना धरून उठवलं. पाय लटपटत होते. जिना चढताना मी वरच्या बायकांना ओरडून सांगितलं की सगळ्या बाहेर व्हा, आत्ताच्या आत्ता. एक म्हणाली, "अगं, वाण द्यायचंय अजून." मी तिला जे उत्तर दिलं त्यानंतर ती माझ्याशी अजून बोलत नाही. तिने न बोलणंच बरं आहे.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी. पैठण्यांवर कोट चढवून सगळ्या ड्राइव्हवेवर उभ्या. मी नाइन-वन-वनला फोन लावायला घेतला तर सुनेने माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. "काकू, फायर ब्रिगेड नको ना. ह्यांच्या व्हिसाचं काही होईल का? आमच्यामुळे तुम्हाला काही प्रॉब्लेम?" सासू माझ्या खांद्यावर मान टाकून उभी, आणि ही पोरगी मला प्रॉब्लेम होईल म्हणून रडत होती. मला तिला कुशीत घ्यावंसं वाटलं आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटली. मी तिचा हात सोडवून फोन केला.

फायर ब्रिगेडची माणसं आली. पहिला माणूस दारातून आत शिरला तोच त्याच्या हातातलं यंत्र वाजायला लागलं. बेसमेंटमध्ये तर थांबेचना. फर्नेसचा धूर बाहेर नेणारा पाइप एका सांध्यातून सुटला होता, आणि जे बाहेर जायचं ते बाईंच्या उशाशी येत होतं. या कार्बन मोनॉक्साइड गॅसला वास नसतो. माणसाला वाटतं थकवा आला, सर्दी झाली, हवा मानवली नाही. मग एक दिवस माणूस झोपतो आणि उठत नाही. त्या माणसाने मास्क काढून विचारलं, या घराचा मालक कोण. मी हात वर केला. माझ्या त्या हातात तिळगुळाची वाटी होती, कधी उचलली मला माहीत नाही.

बाईंना हॉस्पिटलमध्ये नेलं, ऑक्सिजन लावला. नवरा धावत तिथे आला. पोरगा त्याला बघून उभा राहिला आणि म्हणाला, "सॉरी काका." तिकडे आत आई मास्क लावून पडलेली, आणि हा घरमालकाला सॉरी म्हणतोय. नवरा खुर्चीत बसला. मग मला म्हणाला, "पण त्यांनी एकदाही फोन केला नाही गं."

"हो ना," मी म्हटलं. "म्हणून तर तू त्यांचं कौतुक करत होतास."

त्यानंतर तो रडला. मी त्याला रडू दिलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याच्यावर पुष्कळ चिडले आहे, पण त्या कॉरिडॉरमध्ये मला त्याची घृणा वाटली, हे खरं आहे ते सांगते. ती पुढे ओसरली, कारण दुसऱ्या दिवशी त्याने फर्नेसवाल्याला बोलावून स्वतः उभं राहून काम करून घेतलं, नवी फर्नेस बसवेपर्यंत त्या तिघांना आमच्या घरी ठेवलं, आणि प्रत्येक मजल्यावर वेगळे अलार्म लावले. जिन्याशी लावलेल्या अलार्मखाली उभा राहून त्याने तो स्वतः वाजवून बघितला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेजारीण बघायला आली.

पॅसिव्ह महाशयांना बातमी कळली तेव्हा त्यांनी फोन केला. मला वाटलं बाईंची विचारपूस करतील. म्हणाले, "वहिनी, डायरेक्ट नाइन-वन-वन कशाला? गुपचूप एखादा माणूस बोलवायचा. आता ते सिटीच्या रेकॉर्डला आलं." मी म्हटलं, "तुमच्या चार घरांतले अलार्म शेवटचे कधी वाजवून बघितले?" ते म्हणाले, "माझ्या टेनंट्सची कधीच तक्रार नसते." मी म्हटलं, "मग आजच जाऊन जिवंत आहेत का बघून या." त्यांनी फोन ठेवला. बरं केलं.

तेव्हापासून मंडळातली तरुण मंडळी मला विचारतात, काकू, घर भाड्याने द्यायचंय, काय करू? मी सांगते, आधी मला काकू म्हणणं बंद कर. घर द्यायचं तर धंदा म्हणून दे. जो कागदपत्रांत बसतो त्याला दे, मग तो कुठलाही असो. त्याच्याकडून बर्फी घेऊ नकोस. लीझ त्याच्यासमोर वाच, काय बिघडलं तर कोणाला कळवायचं ते वाचून दाखव. जाण्याआधी कळव, आणि गेलास की चहा पिऊ नकोस, अलार्म वाजवून बघ. आणि बराच काळ फोन आला नाही, तर तू कर. ऐकतात. मग महाशयांकडे जाऊन त्यांचंही ऐकतात. कोणाचं मानतात ते मला माहीत आहे.

पाडव्याला मंडळाचं पॉटलक झालं. बाई आता ठणठणीत होत्या, परत जायची तिकिटं निघाली होती. बर्फ बघून झाला का विचारलं तर म्हणाल्या, "झाला बाप्पा, पोटभर झाला." महाशय नेहमीप्रमाणे ताट घेऊन मध्यभागी. माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून त्यांनी विचारलं, "काय मग, येतात का टेनंटचे फोन?"

"येतात," नवरा म्हणाला. "या आठवड्यात दोनदा आला."

"बघ. सवय लावलीस. लीझ संपलं की काढून टाक."

बाई मागेच उभ्या होत्या, ताटात श्रीखंड. "कोणाला काढून राहिले?" त्यांनी विचारलं. महाशय गडबडले. ओळख नव्हती. "मीच करते ह्यांना फोन," बाई म्हणाल्या. "पोरगा लाजते. सून लाजते. मी नाही लाजत आता." मग त्यांनी महाशयांकडे नीट बघितलं. आवाज जराही चढवला नाही. "मी तेव्हा गेली असती, तर तुमच्या हिशोबानं सगळ्यात चांगली भाडेकरू मीच झाली असती ना. एक फोन नसता आला माझा."

महाशयांनी ताटाकडे बघितलं. पोरगा लांबून "आई, अगं आई" करत आला, पण बाईंनी त्याला हातानेच थांबवलं आणि माझ्या नवऱ्याकडे वळल्या.

"आणि ते मागच्या दाराचं काय झालं? फटीतून वारा येऊन राहिला अजून."

लायब्ररीवाली बाई हेच लिहायची. नवऱ्याला ते आठवलं असणार, कारण त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "उद्या सकाळी येतो," तो म्हणाला. "दहा वाजता चालेल का?"

"चालेल," बाई म्हणाल्या. "पण चहा नाही भेटणार."